कावसजीचे नाक आणि कुंभाराचे नाव

मराठी भाषेने शरीराच्या ज्या अवयवांवर सर्वाधिक सामाजिक भार टाकला आहे त्यांत नाकाचा क्रमांक बहुधा पहिला लागेल. माणूस नाकासमोर चालतो, नाक वर करून बोलतो, नाक मुरडतो, प्रसंगी नाक घासतो. घराण्याचे नाक राखावे लागते, आणि एखाद्याच्या वागण्याने सगळ्या कुळाचे नाक कापले जाते. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने येतात, तीही व्यंगापेक्षा व्यंगाकडे पाहणाऱ्या जगामुळेच. शूर्पणखेला शिक्षा देताना प्राण न घेता नाक-कान कापले गेले, याचा अर्थ आपल्या श्रोत्यांना कधी समजावून सांगावा लागला नाही. हे वाक्प्रचार नुसते अलंकार नव्हेत. नाक कापणे ही या देशात दीर्घकाळ प्रत्यक्ष शिक्षा होती. युद्धातील सूड म्हणूनही ती दिली जाई. जिथे नाक कापणारे हात होते तिथे ते पुन्हा घडविणारे हातही तयार झाले. अशाच एका हाताविषयी, आणि तो ज्या मजकुरातून जगाला कळला त्या मजकुराविषयी, प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकात एक पत्र प्रसिद्ध झाले. पत्राखाली 'बी. एल.' एवढीच आद्याक्षरे होती. पत्रातील हकीकत अशी : कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ साली संपलेल्या म्हैसूरच्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात तोडण्यात आला. पुढे तो कंपनीच्या मुंबई फौजेत परतला व कंपनीचा निवृत्तिवेतनधारक झाला. सुमारे वर्षभर तो नाकाविना वावरला. त्यानंतर पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या जातीतील माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातील क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. जानेवारी १७९४ मध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, कावसजीचे चित्र काढण्यात आले. ते काढले जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने. सवाई माधवरावांच्या दरबाराची चित्रे काढणारा आणि पुण्यातील गंगाराम तांबट या कलावंताला हाताशी धरणारा तो हाच वेल्स. त्या चित्राचे खोदचित्र निघाले, आणि पुण्याचे एक नाक लंडनच्या वाचकांसमोर गेले.

पत्रातील शस्त्रक्रियेचे वर्णन पाककृतीसारखे नेमके आहे. प्रथम मेणाची पातळ पट्टी नाकाच्या थोटकावर बसवून तिला नाकाचा आकार द्यायचा. मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि तिच्या कडेने रेघ ओढायची. त्या रेघेच्या आतले कातडे सोडवून घ्यायचे. मात्र दोन डोळ्यांच्या मधला एक अरुंद देठ तसाच जोडलेला ठेवायचा. थोटकावरची जुनी वणाची कड कापून ताजी करायची, तिच्यामागे चीर द्यायची, कपाळाचे कातडे अर्धा पीळ देऊन खाली आणायचे आणि त्याच्या कडा त्या चिरेत बसवायच्या. सांधा टिकावा म्हणून पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर फासून अशा पाचसहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. चार दिवस दुसरे काहीही लावायचे नाही. नंतर तुपात भिजवलेली फडकी. पाचसहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापायचा आणि नव्या नाकाची थोडी डागडुजी करायची.

या कृतीचे सगळे मर्म त्या देठात आहे. कातड्याचा तुकडा पूर्ण तोडून दुसरीकडे चिकटवला तर त्याला रक्त कुठून मिळणार? भुवईच्या आतल्या टोकाजवळ, डोळ्याच्या खोबणीतून एक रोहिणी वर येते आणि कपाळाकडे चढत जाते. सुरुवातीला ती खोल, स्नायूच्या थरालगत असते. वर जाता जाता ती कातडीच्या जवळ येते. त्यामुळे कपाळावरचा पदर वरच्या टोकाला पातळ सोलला तरी चालतो, पण मुळाशी तो जाड ठेवावा लागतो. तिथे सुरी उथळ गेली तर पदर काळा पडून मरतो. नव्या जागी आजूबाजूच्या भागातून रक्तवाहिन्यांची नवी जोडणी होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. आजचे शल्यविशारदही नाकासाठी कपाळाचा पदर घेतात, आणि त्याचा देठ साधारणपणे तीन आठवड्यांनीच कापतात. पुण्याच्या त्या माणसाचा पंचविसावा दिवस या हिशेबापासून फारसा दूर नाही. रोहिणीचे शास्त्रीय नाव त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती कुठून जाते आणि केव्हा तिची गरज संपते, हे त्याच्या बोटांना ठाऊक होते. त्याच्या पद्धतीला मर्यादा होत्याच. नाक हे तीन थरांचे असते : बाहेर कातडे, मध्ये कूर्चेचा सांगाडा, आत नाजूक अस्तर. सांगाडा आणि अस्तर नसेल तर नवे नाक कालांतराने आक्रसण्याचा धोका राहतो. हे तीनही थर उभे करण्याचे तंत्र पुढच्या काळातले आहे.

इथे सुश्रुताची आठवण होणे अपरिहार्य आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय प्रामुख्याने कानाच्या पाळीविषयी आहे. तुटलेली पाळी सांधण्याच्या पंधरा रीती तिथे सांगितल्या आहेत. त्याच अध्यायाच्या शेवटी नाकाचा विधी येतो. तिथे माप मेणाने घेतलेले नसून झाडाच्या पानाने घेतले आहे, आणि कातडे कपाळाचे नसून गालाचे आहे. नाकपुड्यांत नळ्या ठेवायच्या, पतंग, ज्येष्ठमध इत्यादींचे चूर्ण लावायचे, तिळाच्या तेलाचे सिंचन करायचे, असा तो विधी. म्हणजे पुण्यातील कृती ही संहितेची नक्कल नव्हे. मापाचे तत्त्व तेच, देठाचे तत्त्वही तेच. पण जागा, साधने, औषधे बदललेली. इटालियन प्रवासी मनुची याने सतराव्या शतकातील विजापूरच्या लढायांच्या संदर्भात, कपाळाचे कातडे खाली ओढून नाक सांधणाऱ्या वैद्यांचा उल्लेख केला आहे. ग्रंथाबाहेर, हातांहातांतून चालत आलेली अशी एक विद्या दख्खनमध्ये होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

युरोपातही नाक घडविण्याची एक स्वतंत्र परंपरा होती. बोलोन्याच्या तालियाकोत्सीने १५९७ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. त्याच्या रीतीत दंडाचे कातडे नाकाला जोडून हात कित्येक दिवस डोक्याशी बांधून ठेवावा लागे. पुढे ही रीत मागे पडली आणि कवी-विडंबनकारांच्या थट्टेचा विषय झाली. त्यामुळे पुण्याचे पत्र लंडनला पोचले तेव्हा ते तिथल्या शल्यवैद्यांना नवलाईचे वाटले. जोसेफ कार्प्यू याने प्रेतांवर सराव करून २३ ऑक्टोबर १८१४ रोजी चेल्सी येथे एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली, आणि १८१६ साली आपल्या दोन यशस्वी प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सुश्रुतसंहितेचे लॅटिन भाषांतर १८४४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. म्हणजे कार्प्यूला प्रेरणा मिळाली ती संहितेतून नव्हे, तर पुण्याच्या त्या हातातून.

यापुढचा इतिहास आपण भरभर पाहू. १८१८ साली बर्लिनच्या ग्रेफने या विद्येवर ग्रंथ लिहिला. त्याच शहरात १८९८ मध्ये याकोब योसेफ याने, नाक शाबूत असूनही ते मोठे असल्यामुळे लोकांत जाण्यास धजत नसलेल्या एका माणसाचे नाक लहान केले. योसेफ स्वतः ज्यू होता, आणि त्याच्याकडे येणाऱ्यांत गर्दीत उठून दिसू नये एवढीच इच्छा असलेले ज्यू पुष्कळ होते. पहिल्या महायुद्धात सिडकप येथे हॅरल्ड गिलीज याने छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांचे चेहरे घडविले. सुरकुत्या घालविण्यासाठी आरंभी केवळ कातडे ताणून शिवत. तो ताण फार टिकत नसे. १९७६ साली मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच शल्यवैद्यांनी गालाच्या चरबीखालील एका तंतुमय थराचे वर्णन केले. हा थर खाली मानेच्या पातळ, रुंद स्नायूशी सलग असतो. तेव्हापासून चेहरा आणि मान यांचा विचार एकत्र होऊ लागला, आणि ताण कातड्यावर न देता या थरावर देण्याची पद्धत रूढ झाली. त्या थराच्या खालून चेहरा हलविणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा जातात. सुरी चुकली तर हसूच वाकडे होते. कोणत्या थरातून सुरी न्यावी, हा पुण्यातला प्रश्न आजही तोच आहे.

या शाखेला 'सौंदर्यशल्य' म्हणून काहीशा हिणकस स्वरात बोलण्याची प्रथा आहे : आवश्यक ते वैद्यक, आणि हौशीचे ते सौंदर्य. कावसजीचे नाक या विभागणीला आव्हान देते. नाकाच्या थोटकानेही श्वास घेता येतो. तो कुंभाराकडे गेला तो लोकांत तोंड दाखविता यावे म्हणून. बर्लिनचा रुग्णही त्याचसाठी गेला होता. दोघांना सुंदर व्हायचे नव्हते. चारचौघांसारखे व्हायचे होते. नाक आणि अब्रू यांना एकाच शब्दात बांधणाऱ्या भाषेला तरी यात 'हौस' दिसू नये.

आता साहित्याचे अभ्यासक म्हणून त्या पत्राकडे पुन्हा पाहू. यात कोणाकोणाला नाव आहे? टिपूला आहे. रुग्णाला आहे, पण ते इंग्रजी कानातून गाळून आलेले. 'कावसजी' हे नाव पारशी वळणाचे, आणि माणूस मात्र मराठा शेतकरी. साक्षीदार वैद्यांना नावे आहेत, चित्रकाराला आहे. टिपूच्या क्रौर्याच्या कथांना त्या काळी इंग्लंडात मोठा वाचकवर्ग होता, आणि कंपनीने जखमी चाकराला निवृत्तिवेतन दिले हेही वाचकाच्या नजरेत भरणारे होते. या कथेत ज्याने खरोखर काही केले, त्याला फक्त जात आहे. कृतीचे वर्णन बहुतेक कर्मणी प्रयोगात चालते : मेण बसविले जाते, रेघ ओढली जाते, देठ कापला जातो. व्याकरणाच्या तासाला आपण विद्यार्थ्यांना सांगतो की, कर्मणी प्रयोगात कर्ता गौण होतो किंवा गाळता येतो. इथे तो अक्षरशः गाळला गेला आहे.

त्याला गाळण्याचे काम केवळ इंग्रजांनी केले, असे म्हणून आपली सुटका होत नाही. आपल्याकडे ही कथा सांगताना ती सुश्रुतापासून सुरू होते, कार्प्यूपाशी संपते, आणि मधला माणूस 'प्राचीन भारतीय ज्ञाना'चा निव्वळ वाहक ठरतो. मूळ पत्रात त्याची जात विटा करणाऱ्यांची म्हटली आहे. मराठीत तो सरसकट कुंभार झाला. आमच्या मते हा बदल अगदी निराधार नाही, कारण कुंभार विटाही पाडतात, आणि मेणाला नाकाचा आकार देणारे बोट मातीत वळलेले असावे असे वाटते खरे. परंतु कुंभार म्हटल्यानेही तो नावाचा होत नाही. ज्या समाजव्यवस्थेत रक्ताचा, कातड्याचा, मातीचा स्पर्श खालच्या जातींकडे ढकलला गेला, तिथे शरीर उघडून पाहण्याचे ज्ञानही त्यांच्याचकडे गेले. आणि ज्यांच्याकडे लेखणी होती त्यांनी ते लिहून ठेवले नाही. सवाई माधवरावांच्या पुण्यात रोजकीर्द लिहिणाऱ्यांची वाण नव्हती. तरीही या शस्त्रक्रियेचे तपशील आपण आज वाचतो ते एका लंडनच्या मासिकातून.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, सुश्रुताचा अभिमान बाळगताना त्या अभिमानाच्या छायेत पुण्याचा हा कारागीर दुसऱ्यांदा झाकला जाऊ नये. वेल्सच्या चित्रात पागोटे घातलेला कावसजी समोर पाहतो आहे. त्याचे नवे नाक शांतपणे चेहऱ्यावर बसलेले आहे. ज्याने ते घडविले त्याची सही कुठे शोधायचीच असेल, तर ती त्या नाकावर आहे.