यशवंतपूर : बंगळूरची वायव्य वेस

बंगळूरच्या जुन्या पेठेच्या वायव्येस, मल्लेश्वरमच्या पलीकडे आणि तुमकुर रस्त्याच्या तोंडाशी असलेले यशवंतपूर आज महानगरात पुरते विरून गेले आहे. तेथे किल्ला नाही, राजवाडा नाही, नाव घ्यावे असे मोठे तीर्थक्षेत्रही नाही. त्यामुळे प्रवासवर्णनांत रेल्वेस्थानकाच्या उल्लेखापलीकडे त्याच्या वाट्याला फारसे काही येत नाही. तरीही महाराष्ट्राकडून येणारी माणसे, माल आणि भांडवल ज्या अंगाने बंगळुरात शिरले, ते अंग हेच असल्यामुळे या उपनगराचा इतिहास वास्तूंपेक्षा जमिनीच्या बदलत्या वापरात शोधावा लागतो.

समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीच्या ज्या पठारावर बंगळूर वसले आहे, त्याच्या मधोमध उत्तर-दक्षिण असा एक कणा जातो आणि तेथे पडलेले पाणी दोन दिशांना फुटते : पश्चिमेकडचे वृषभावतीवाटे अर्कावतीला आणि पुढे कावेरीला मिळते, तर पूर्वेकडचे दक्षिण पिनाकिनीच्या खोऱ्यात उतरते. मोठी नदी जवळ नसल्यामुळे येथील खेडी पावसाचे पाणी अडवून बांधलेल्या तळ्यांच्या आधारावर जगत. वृषभावतीचा एक उगम मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर मंदिराजवळ मानला जातो. कन्नडमध्ये ‘काडु’ म्हणजे रान. मंदिर उभे राहिले तेव्हाच्या परिसराची कल्पना या नावावरून येते.

मराठी वाचकाने थांबावे असे ठिकाण हेच. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या आदिलशाही फौजेने स्थानिक नायक केंपेगौडांकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. त्यांच्या पश्चात व्यंकोजीराजांकडे, म्हणजे शिलालेखांतील एकोजींकडे, हा मुलूख आला. मंदिराजवळच्या १६६९ च्या शिलालेखात एकोजींनी मल्लपुराच्या, म्हणजे आजच्या मल्लेश्वरमच्या, मल्लिकार्जुन देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद आहे. यशवंतपूरला लागून असलेल्या आजच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसरात हे गाव होते, असे मानले जाते. मंदिर एकोजींनीच बांधले, असे मार्गदर्शक पुस्तके सर्रास सांगतात. परंतु दानलेखावरून सिद्ध होते ते दान, बांधकाम नव्हे, आणि ज्या देवाला गाव मिळते तो देव त्याआधीपासून तेथे असण्याचाच संभव अधिक. पुढे एकोजींचे लक्ष तंजावरात गुंतले, बंगळूर विकण्याची बोलणी सुरू झाली, मध्येच १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतले आणि अखेर तीन लाख रुपयांना ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हाती गेले.

त्यानंतर सुमारे दोन शतकांनी या भागात रेल्वे आली. १८८४ मध्ये बंगळूर-तुमकुर हा म्हैसूर संस्थानचा मीटरगेज लोहमार्ग, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला मार्ग, याच बाजूने गेला. तो १८८९ मध्ये हरिहरपर्यंत पोहोचला आणि त्याची व्यवस्था धारवाडला मुख्यालय असलेल्या सदर्न मराठा रेल्वे या कंपनीकडे आली. १८९० च्या दशकाच्या आरंभी यशवंतपूरहून हिंदुपूरच्या दिशेने दुसरा फाटा निघाला आणि गावाचे जंक्शन झाले. पुणे-मिरज मार्ग १९७१ मध्ये रुंद झाला, पण मिरजेच्या दक्षिणेला मीटरगेजच राहिल्यामुळे पुण्याहून बंगळूरला निघालेल्या उतारूला १९९० च्या दशकातील रुंदीकरणापर्यंत मिरजेला बाडबिस्तरा उचलून गाडी बदलावी लागे.

रेल्वेपाठोपाठ विज्ञान आले. जमशेटजी टाटांनी योजलेल्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी म्हैसूर दरबाराने १९०७ मध्ये सुमारे ३७१ एकर जमीन दिली, १९०९ मध्ये संस्था स्थापन झाली आणि तिच्या मुख्य इमारतीचा आराखडा मुंबईच्या सी. एफ. स्टीव्हन्स आणि कंपनीने केला. स्थानिक लोक आजही तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. १९३३ मध्ये मुंबईहून आलेल्या कमला भागवत (पुढे सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी) यांना केवळ स्त्री म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्यांनी तेथेच ठाण मांडले, तेव्हा कुठे अटी घालून त्यांना घेण्यात आले. रामन यांच्या थोरवीला या प्रसंगाने बाध येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्या अटी एकदा वाचाव्यात.

पहिल्या महायुद्धात युरोपकडे जाणारे म्हैसूरचे चंदन अडकून पडले, तेव्हा याच संस्थेत सडबरो आणि वॉटसन या रसायनशास्त्रज्ञांनी त्याचे तेल काढण्याचे प्रयोग केले. त्यातून १९१६ मध्ये तेलाचा आणि १९१८ मध्ये साबणाचा सरकारी उद्योग उभा राहिला. तो कारखाना १९५७ मध्ये यशवंतपूरजवळच्या सध्याच्या जागी आला. त्याच्या साबणाच्या वेष्टनावर हत्तीचे मस्तक आणि सिंहाचे धड असलेला ‘शरभ’ हा काल्पनिक प्राणी असून, शेजारच्या मेट्रो स्थानकालाही कारखान्याचेच नाव आहे. जवळच रवी किर्लोस्करांनी १९४६ मध्ये स्थापन केलेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिकच्या विजेच्या मोटारी तयार होत. त्या कंपनीच्या जमिनीवर आता उंच इमारती आणि मॉल आहेत.

यशवंतपूरच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात मात्र महाराष्ट्राशी असलेला जुना संबंध रोजच्या व्यवहारात टिकून आहे. नाशिक, अहिल्यानगर, पुण्याकडचा कांदा मालमोटारींतून तुमकुर रस्त्याने येथे येतो, हमाल गोण्या उतरवतात, एखादी गोणी उसवून कांद्याची पत आणि ओल पाहिली जाते आणि मग भाव ठरतो. चित्रदुर्ग-गदगकडचा कांदा भरपूर आला की महाराष्ट्राच्या मालाचा भाव पडतो, आणि तिकडे अवकाळी झाला की येथील आडत्यांचे फोन लासलगावला खणखणू लागतात. वाहनांच्या कोंडीमुळे कांदा-बटाट्याचा व्यापार शहराबाहेरच्या दासनपुऱ्याला हलवण्याचे सरकारने ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांत दोन तट पडले. जागा लहान आहे हे सर्वांनाच मान्य होते, परंतु ज्या रस्त्यावर आणि रुळांवर आपला धंदा वाढला तो सोडून पुढे जायला त्यांतील अनेकजण राजी नव्हते.