वॅगनच्या नंबरांची वही

स्मरणिकेसाठी लिहायचे म्हटले की आम्हा रेल्वेवाल्यांना रुळांपलीकडचे फारसे सुचत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

डिप्लोमा करून कॅरेज-वॅगन खात्यात लागलो, तेव्हा पहिली नेमणूक एका जंक्शनच्या यार्डात झाली. रात्री टॉर्च घेऊन मालगाडीच्या कडेने चालायचे आणि वॅगनचे नंबर, तुटके दरवाजे वहीत टिपायचे. काम कंटाळवाणे वाटे. त्यामागचा इतिहास नंतर वाचनात आला.

१८४० च्या सुमारास इंग्लंडमधील रेल्वे म्हणजे अनेक लहानमोठ्या कंपन्या होत्या. एकीची हद्द संपली की बऱ्याचदा प्रवाशाने उतरून नवे तिकीट काढायचे आणि माल दुसऱ्या वॅगनमध्ये भरायचा. बड्या कंपनीला आपले डबे अडकून पडण्याची धास्ती, तर छोटीला आपला वाटा बुडण्याची.

२ जानेवारी १८४२ रोजी नऊ कंपन्यांनी लंडनमध्ये रेल्वे क्लिअरिंग हाऊस सुरू केले. कल्पना लंडन अँड बर्मिंगहॅम रेल्वेच्या हिशेब खात्यातील केनेथ मॉरिसन यांची. पाठबळ त्याच कंपनीचे अध्यक्ष, व्यवसायाने बँकर असलेले जॉर्ज कार ग्लिन यांचे. तिकिटाचे पैसे मैलांच्या प्रमाणात वाटायचे. दुसऱ्याचा डबा वापरला तर मैलामागे भाडे आणि अडकवून ठेवला तर डेमरेज. बँका चेक वळते करतात तसे सगळे मिळवून उरलेली बाकी तेवढी चुकती करायची. यात उपकाराची भाषा कुठेच नव्हती, हे मला विशेष वाटते.

या व्यवस्थेतला खरा माणूस म्हणजे 'नंबर टेकर'. ऊन असो वा पाऊस, जंक्शनवर उभे राहून वॅगनचेच काय, ताडपत्र्यांचेही नंबर टिपणारा. त्याचा पगार क्लिअरिंग हाऊस देई, कुठलीही कंपनी नाही. त्यामुळे छोट्या कंपनीलाही त्याच्या वहीवर भरवसा ठेवता येई. अर्थात थकबाकी सगळेच हसतमुखाने देत नसत. वसुलीसाठी दावा लावता यावा म्हणून १८५० मध्ये पार्लमेंटला कायदा करावा लागला.

आमच्या यार्डाची एक गोष्ट सांगून थांबतो. एका वॅगनच्या तुटक्या दरवाजावरून दोन डेपोंमध्ये महिनाभर पत्रव्यवहार चालला होता. एक डेपो मोठा, दुसऱ्याकडे मोजकी माणसे. शेवटी माझी वही मागवली. त्या नंबरपुढे मी 'ठीक' लिहिले होते, आणि दुरुस्ती लहान डेपोच्या माथी गेली. त्या रात्री मुसळधार पाऊस होता आणि मी गाडीच्या एकाच बाजूने चाललो होतो.