वाण लागला!

चामड्याचं जाकीट घालण्याची आपली योग्यता नाही, हे मला चाळीस वर्षं व्यवस्थित ठाऊक होतं. जाकीट म्हटलं की मोटारसायकल आली, मोटारसायकल म्हटली की वाऱ्यावर उडणारे केस आले. माझ्याकडे दोन्ही नाही. स्कूटर आहे. पण बँकेच्या एका ट्रेनिंगसाठी मुंबईला गेलो असता एका दुकानदाराने मला आरशासमोर उभं केलं, काळंकुळकुळीत जाकीट अंगावर चढवलं आणि म्हणाला, "साहेब, एकदम फिल्मी!" चाळीस वर्षांचं ज्ञान त्या तीन शब्दांत वाहून गेलं. कर्जदारांचे कागद मी उलटसुलट करून तपासतो. जाकीट मात्र तपासलं नाही. "रंग जाणार नाही ना?" हा प्रश्न आमच्या घरातल्या बायका हातरुमाल घेतानाही विचारतात, तो मला सुचलाच नाही. चामड्याचा रंग जातो हेच मुळी माहीत नव्हतं. म्हैस काळी असते. तिचा रंग गोठ्याच्या भिंतीला लागल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

डिसेंबरातली गोष्ट. नाशिकची थंडी, सकाळचा मुहूर्त आणि वर अवकाळी भुरभुर. हिने आईची साडी नेसली होती. सायरंगी रेशीम, कुंकवासारखे लाल काठ. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली. साडी कपाटातून पहिल्यांदाच बाहेर निघाली होती. थंडी वाजते म्हणून पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेऊन ही माझ्या पाठीला घट्ट टेकून बसली. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर बायको इतकी बिलगून बसते, त्याचं कारण एक तर प्रेम असतं नाही तर हवामान. मी पहिलं धरून चाललो होतो.

कार्यालयापाशी ती उतरली तेव्हा उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत निळसर काळा ढग उतरला होता. त्यात माझ्या जाकिटाच्या पाठीवरची शिवण छापल्यासारखी स्पष्ट दिसत होती. ती काही बोलली नाही. शाल गुंडाळून तिने अख्खं लग्न काढलं. जेवताना मी "जिलबी छान आहे" म्हणालो, त्यालाही उत्तर आलं नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आईची होती हो."

माझ्या पांढऱ्या सुती शर्टाची कॉलर आणि बाह्या काळ्या झाल्या होत्याच. शर्ट दोन धुण्यांत साफ निघाला. साडी निघेना. आमच्या धोब्याने ती उजेडात धरली आणि म्हणाला, "साहेब, डाग असता तर काढला असता. हा रंग आहे." मग साडीचा कोपरा उलटून त्याने एक बारीक काळी खूण दाखवली. "ही बघा, आमच्या धंद्यातली. बिब्ब्याची. कुणीतरी तीस-चाळीस वर्षांपूर्वी केलेली. ही पण जात नाही." ही म्हणाली, ती जळगावच्या धोब्याची खूण. आईच्या सगळ्या कपड्यांवर असायची.

एकाच वेळी, एकाच जाकिटाचा, एकच रंग. सुतावरून गेला आणि रेशमावर बसला. असं का? मी कॉमर्सचा पदवीधर. रसायनशास्त्राशी संबंध शाळेतच सुटलेला. पण घरात बोलणं बंद असलं की वाचायला वेळ पुष्कळ मिळतो.

तर रंग कापडावर टिकवण्याची खटपट फार जुनी आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटून सुती कापडाचे तुकडे सापडले. त्यांची तपासणी झाली ती आपल्या माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत, आणि त्यावर मंजिष्ठेच्या जातीचा लाल रंग असल्याचं निघालं. चार हजार वर्षांपूर्वीचं कापड! आमच्याकडे मागच्या दिवाळीचा पडदा ओळखू येत नाही.

यातली गोम अशी की मंजिष्ठ एकटी कापडाला धरत नाही. कापड आधी तुरटीत बुडवावं लागतं. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका हाताने धागा धरतं, दुसऱ्या हाताने रंग, आणि तिघांचा मिळून पाण्यात न विरघळणारा पदार्थ होतो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर रंग हा कर्जदार, कापड ही बँक आणि तुरटी जामीनदार. जामीनदार भक्कम असेल तर कर्जदार जागचा हलत नाही. आपल्या खानदेश-वऱ्हाडातला आलाचा लाल रंग असाच जामिनावर चालायचा. त्यात रंगवलेलं जाडंभरडं कापड म्हणजे खारवा, व्यापाऱ्यांच्या चोपड्यांवर चढायचा तोच.

सुती कापडावर हा जामीनदार वापरण्याचं गुपित आपल्याकडच्या रंगाऱ्यांना पक्कं अवगत होतं आणि युरोपला नव्हतं. म्हणून सतराव्या शतकात आपली छापील छिटं तिकडे गेली तेव्हा तिथल्या बायका वेड्या झाल्या. कापड धुतलं तरी फुलं जागेवर! तिकडचे विणकर इतके हवालदिल झाले की फ्रान्सने १६८६ साली या छिटांवर बंदी घातली ती १७५९ पर्यंत उठवली नाही. इंग्लंडने १७०० साली आयातीवर बंदी घातली, तेवढ्याने भागेना म्हणून १७२१ साली वापरावरही घातली. 'रंग जात नाही' हा गुन्हा ठरून कायदा झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. मध्येच १७४२ मध्ये कर्दू नावाच्या फ्रेंच पाद्र्याने पाँडिचेरीकडच्या कारागिरांना विचारून सगळी कृती मायदेशी कळवली: आधी हिरडा आणि म्हशीचं दूध यांत कापड भिजवायचं, मग तुरटी, मग लाल मुळं. आपल्या धंद्याचं गुपित इतक्या आपुलकीने सांगणारी माणसं आपल्याकडे तेव्हाही होती. (आमच्या ब्रँचमध्ये अजून आहेत.)

पुढे १८५६ साली लंडनमध्ये पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा सुट्टीत घरी बसून मलेरियावरचं क्विनाइन बनवायला गेला आणि डांबरातल्या द्रव्यांपासून जांभळा रंग करून बसला. अठराव्या वर्षी मी सुट्टीत घरी बसून काय केलं, हे सांगण्यासारखं नाही. तिथून रंगांचे कारखाने निघाले. १८६८ मध्ये मंजिष्ठेतलं मूळ द्रव्य जर्मन रसायनज्ञांनी बनवलं. ते स्वस्तात करण्याचं पेटंट पुढच्या वर्षी पर्किनने मागितलं तेव्हा जर्मन कंपनीचा अर्ज एकच दिवस आधी पोचलेला होता. १८९७ मध्ये कारखान्याची नीळ बाजारात आली आणि आपली निळीची शेती बसली. पण चंपारण्यातल्या कुळांच्या मानेवरचं जू काही लगेच उतरलं नाही. वीस कठ्ठ्यांतले तीन नीळवाल्यांसाठी, हा तीनकठिया फास सुटायला १९१७ आणि गांधीजी यावे लागले. रंग जाण्यापेक्षा रंगवाले जाणं अवघड.

आता आमच्या जाकिटाकडे येऊ. १८८४ हे साल मी कॅलेंडरवर काळ्या शाईने लिहून ठेवलं आहे. त्या साली दोन गोष्टी घडल्या. जर्मनीत 'काँगो रेड' नावाचा रंग निघाला, जो सुतावर थेट बसतो, तुरटीची गरज नाही. म्हणजे विनातारण, विनाजामीन कर्ज! कारखानदारांची चंगळ झाली. घाई सुटली, खर्च वाचला. वसुलीचं काय झालं ते कोणत्याही बँकवाल्याने ओळखावं. हा रंग पाण्यात धड टिकेना आणि जरासं आंबट लागलं की लालाचा निळा होई. त्याच साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ या रंगांच्या धंद्यातल्या गृहस्थाने क्रोमियमच्या क्षारांनी चामडं कमावण्याचं पेटंट घेतलं. तोवर चामडं महिनोन् महिने झाडाच्या सालींच्या पाण्यात मुरत पडायचं; कोल्हापुरी चप्पल आजही बाभळीची साल आणि हिरडा यांच्यावर कमावलेल्या चामड्याची असते. (वडिलांचे पाय पहिल्या पावसात तपकिरी व्हायचे ते त्यामुळेच. आम्हा मुलांना तो चप्पल नवी असल्याचा पुरावा वाटायचा.) क्रोमने काम काही दिवसांवर आलं, आणि चामडं मऊ, पातळ, अंगावर घालण्याजोगं झालं. मग १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या शॉटने मोटारसायकलवाल्यांसाठी चेन लावलेलं जाकीट काढलं, १९३१ मध्ये अमेरिकन लष्कराच्या वैमानिकांना त्यांचं आलं आणि १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोने पडद्यावर घातलं. तिथून ते नाशिकच्या क्लार्कपर्यंत यायला सत्तर वर्षं लागली, ही दिरंगाई समर्थनीयच आहे.

क्रोमच्या चामड्यावर बहुधा आम्लवर्गी रंग चढवतात. चामड्यावर धन भार, रंगावर ऋण भार, म्हणून ते एकमेकांना धरतात. शेवटी फॉर्मिक आम्ल, म्हणजे मुंगीच्या चाव्यातलं आम्ल, घालून ती पकड पक्की करायची आणि उरलासुरला रंग खळखळून धुऊन काढायचा. घोटाळा होतो तो या शेवटच्या धुण्यात. काळा रंग गडद दिसावा म्हणून पोटापेक्षा जास्त पाजलेला असतो, आणि पाण्याची, वेळेची बचत केली की जादा रंग नुसता पृष्ठभागावर बसून राहतो. कोरडं असेतो गप्प. घाम आला, भुरभुर आली, वर घासलं गेलं, की निघाला शेजाऱ्याकडे. सुएडच्या मऊ लवेत तर रंगाची धूळच अडकून असते. कारखान्यात यासाठी रीतसर परीक्षा असते. पांढरा तुकडा आधी कोरडा, मग ओला घासतात आणि तुकडा किती काळा झाला त्यावर १ ते ५ गुण देतात. ५ म्हणजे डिस्टिंक्शन. आमचं जाकीट ओल्या पेपरला बसलंच नसावं.

आणि आता ती साडी. चामडं म्हणजे प्रथिन, रेशीमही प्रथिनच. आम्लवर्गी रंग जन्मले ते लोकर आणि रेशीम यांच्यासाठी. चामडं त्याच घराण्यातलं. सुताची जात वेगळी, म्हणून माझ्या शर्टावर तो रंग पाहुण्यासारखा टेकला आणि साबण दिसताच उठला. रेशमावर मात्र त्याला सगोत्र माणूस भेटलं आणि तो राहिला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. इथे उलट झालं. वाण लागला, माझा एकही गुण मात्र तिला वीस वर्षांत लागलेला नाही, आणि ते ती अभिमानाने सांगते.

हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग आधी काय करायला हवं होतं?" उत्तर दीड मिनिटाचं होतं. नवं जाकीट पांढऱ्या कोरड्या फडक्याने, मग किंचित ओलसर फडक्याने, फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसायचं, सावलीत वाळवायचं, पहिले काही महिने आत गडद कपडे घालायचे, पावसात न्यायचं नाही. आणि डाग पडलाच तर गरम पाणी नको, इस्त्री नको, उष्णतेने तो आणखी मुरतो. रेशमाला ब्लीच तर मुळीच नको, रेशीमच विरघळतं. यातली इस्त्री मी त्याच संध्याकाळी, ओलावा जावा म्हणून, फिरवून झालो होतो. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. आता छापून येतंय.

शेवटी जुन्या नाशकातल्या एका रंगाऱ्याकडे गेलो. त्याने पदर चुरगळून पाहिला. "उतरवायला गेलो तर कापड दमेल, आणि जागा दिसेलच. चढवून देतो. पण गडदच चढवावा लागेल." मी लगेच हिरडा आणि हिराकस यांची चौकशी केली, त्या दोघांचा मिळून जुना पक्का काळा रंग होतो हे नुकतंच वाचलं होतं. तो म्हणाला, "ते आजोबांच्या वेळी. साहेब मास्तर आहेत का?" ही बराच वेळ काठावरून बोट फिरवत उभी होती. आई काळं कधी नेसली नाही, असं मला म्हणाली. मग त्याला म्हणाली, "काठ बांधून घ्या. काळी करा."

संक्रांतीला साडी आली. काळीभोर, लाल काठांची, थेट चंद्रकळा. नेसण्याआधी तिने खिडकीपाशी जाऊन कोपरा उलटा केला, उजेडात तिरपा धरला आणि काळ्यावर काळं शोधत राहिली. मी चष्मा लावून पुढे झालो. मला काही दिसेना. तिने त्या जागी अंगठा फिरवला आणि म्हणाली, "आहे."

मग हळदीकुंकवाला निघालो. थंडी होती, म्हणून जाकीट मी घातलं होतं. तिने माझ्या पाठीवर जुना टॉवेल पसरला, त्याची दोन टोकं माझ्या खांद्यांवर पिनांनी अडकवली, आणि मगच ती स्कूटरवर बसली.