कापसामागचा रुपया

यवतमाळच्या कापसाचा इतिहास सांगताना आपण बहुधा शकुंतला गाडीपासून सुरुवात करतो. किलिक निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरपर्यंतचा तो अरुंद मार्ग टाकला, रुईच्या गठाणी मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला जाऊ लागल्या, इथे गोष्ट आटोपते. मला हा क्रम उलटा वाटतो. गाडी आली तेव्हा वऱ्हाडी कापसाची वाट ठरून गेली होती, आणि ती ठरवली होती रोख पैशाने: तो कोणाच्या हाती आहे, कुणब्याला कधी लागतो, कोण देतो. व्यापार असा वाचायचा धडा टोरंटो विद्यापीठाचे इतिहासकार जॉन मन्रो यांच्याकडून घेता येतो. त्यांनी मध्ययुगीन इंग्लंड आणि फ्लँडर्समधला लोकर-कापडाचा व्यापार टांकसाळींच्या हिशेबांसकट तपासला. 1429 साली इंग्लंडने आपल्या ताब्यातल्या कॅले बंदरापुरता नियम केला, की लोकरीची सगळी किंमत रोखीत चुकवावी, उधारी चालणार नाही. उधारीवर माल घेणारे फ्लँडर्सचे व्यापारी अडचणीत आले आणि 1434 मध्ये फ्लँडर्सवर सत्ता असलेला बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने इंग्रजी कापडावर बंदी घातली. मेंढ्या, माग, जहाजे तीच होती. पैसे चुकवण्याचा नियम तेवढा बदलला होता.

हाच प्रश्न वऱ्हाडाला विचारून पाहावा. पूर्वी इथला कापूस बैलांच्या तांड्यांवरून मिर्झापूरला आणि तिथून गंगेतून खाली जाई. 1825-26 मध्ये विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने 500 बैलांवर सुमारे 1,20,000 पौंड कापूस मुंबईला धाडला. याच घराण्यातल्या पेस्तनजी मेहेरजींनी निजाम सरकारला कर्जे दिली, त्यापोटी वऱ्हाडातला महसूल वसुलीला घेतला आणि औरंगाबादच्या टांकसाळीत पेस्तनशाही रुपये पाडले. कापूस, सारा आणि नाणे एकाच पेढीत यावे, हा योगायोग नव्हे. पुढे 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले तेही हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी निजामाकडे थकलेल्या देण्यापायी. मग मुंबई पद्धतीची रयतवारी आली, सारा रोखीत भरणे आले. ज्वारी घरात खाता येते. साऱ्यासाठी मात्र विकता येईल असे पीक हवे, आणि ते कापूस होते.

यावर कोणी म्हणेल, खरा बदल रेल्वेनेच घडवला. 1867 मध्ये नागपूरपर्यंत रूळ पोहोचले, धामणगाव स्टेशनावर यवतमाळच्या बंड्या रिकाम्या होऊ लागल्या. त्याशिवाय एवढा माल हलला असता का? हलला नसता, हे मान्य. पण रूळ माल हलवतात, पीक निवडत नाहीत. अमेरिकेतल्या यादवीने 1861 ते 1865 या काळात भाव चढवले, युद्ध संपताच ते कोसळले, तरी कापसाचा पेरा टिकला. चढत्या भावात सावकाराने मोकळ्या हाताने दिलेले कर्ज भाव उतरल्यावर उतरत नाही, ते फेडायला पुन्हा कापूसच लावावा लागतो. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळावरच्या आपल्या पुस्तकात हे दोन विषय एकत्र मांडले आहेत, ते मला योग्य वाटते. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत ज्याच्या घरात धान्य नव्हते आणि हातात रुपयाही नव्हता, त्याच्या काय कामी आली रेल्वे?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मध्ययुगीन युरोपातली लोकर विकणारे अनेकदा मोठे मठ आणि जमीनदार होते. वऱ्हाडातला विक्रेता दहा-वीस एकरांचा कुणबी. मग तुलना कशाला? माझ्या मते या फरकामुळेच ती उपयोगी ठरते. कॅलेचे नियम करताना विकणाऱ्यांचे बडे व्यापारी राजाजवळ होते. इकडे 1886 मध्ये, आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंज्यात नियमबद्ध कापूस बाजार सुरू झाला, 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. अडत, दलाली, मापारी यांना काही शिस्त लागली. पण त्या बाजार समित्यांवर कापूस पिकवणाऱ्याला जागा नव्हती. व्यापारी आणि नगरपालिकेची माणसे बाजार चालवत, आणि कुणबी बंडी घेऊन आला की त्याचे काम भाव ऐकून घेण्याचे.