गोळी चुकली असती तर

खारघरला आमच्या इमारतीतली कॉलेजची मुले परीक्षा संपली की गच्चीवर जमून 'स्टार वॉर्स'मधल्या लढायांची चिरफाड करतात. 'द लास्ट जेडाय' (२०१७) या चित्रपटात एक सेनानी आपले जहाज प्रकाशवेगाच्या उडीसह शत्रूच्या अजस्र जहाजावर घालते आणि ते दुभंगते. मुलांचा सवाल असा, की हे जमत होते तर आधीच्या लढायांत कुणालाच कसे सुचले नाही? 'डेथ स्टार' एका झरोक्यातून कसा उडाला, ही शंका तर १९७७ची. तिचे उत्तर २०१६ साली 'रोग वन'ने दिले. तो दोष म्हणे रचनाकाराने मुद्दामच ठेवला होता!

या वादांना मी पोरकट म्हणणार नाही. मराठी माणूस पानिपतावर अडीचशे वर्षे हेच करत आला आहे. आणि एका खगोलशास्त्रज्ञाने तर त्यावर विज्ञानकथाच लिहिली. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथे मराठे जिंकले आहेत आणि इंग्रज मुंबईसारख्या ठाण्यांपुरते उरले आहेत. फरक एवढाच, की विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून निघून गेली. या कथेचे इंग्रजी रूप अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे. म्हणजे देशभरची मुले या गोळीवर परीक्षेत उत्तरे लिहितात.

आता गच्चीवरचा सवाल इथे लावून पाहू. एक गोळी चुकल्याने १४ जानेवारी १७६१ची लढाई फिरली असती का?

शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशीराजाने सुमारे वीस वर्षांनी फारसीत लिहिलेल्या हकिगतीत घटनांचा क्रम दिला आहे. सकाळी मराठ्यांचा जोर होता. दुपारी अब्दालीने पळणाऱ्यांना मारून-झोडून परत फिरवले आणि राखीव घोडदळ वजिराच्या मदतीला धाडले. विश्वासराव जखमी झाले ते त्यानंतर, दोन ते तीनच्या दरम्यान. म्हणजे गोळी सुटली तेव्हा अब्दालीची ताजी फौज रणात उतरलेली होती आणि भाऊसाहेबांपाशी तशी राखीव फौज नव्हती. गोळी चुकूनही ही तफावत तशीच राहते. कथेतले सर्वांत मोठे भोक मला हेच वाटते.

त्याआधीही बरेच बिघडले होते. ऑक्टोबर १७६०मध्ये कुंजपुरा घेतला, धान्य मिळाले. पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठे आणि दिल्ली यांच्या मध्ये आला. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरली आशाही गेली. छावणीत लढवय्यांखेरीज बुणगे आणि यात्रेकरूही होते. माणसे उपाशी आणि घोडी त्याहून उपाशी. गोल बांधून, तोफा पुढे ठेवून शत्रूतून वाट काढायची हा बेत शहाणपणाचा होता. पण विंचूरकर-गायकवाडांच्या स्वारांनी गोल मोडून रोहिल्यांवर धाव घेतली आणि इब्राहिमखान गारद्याच्या तोफांपुढे आपलीच माणसे आली. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे पानिपतावरचे पुस्तक वाचताना लढाईइतकेच हे आधीचे महिने मनात राहतात.

नारळीकरांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. कथेतला राजेंद्र देशपांडे गंगाधरपंतांना 'कॅटास्ट्रॉफी थिअरी' समजावतो. परिस्थिती टोकाला आली की लहानसा धक्का सारे चित्र उलटवतो, एरवी तोच धक्का वाया जातो. काशीराजाच्या हकिगतीतही गोळीनंतर अर्धा-एक तास झुंज चालली आणि मग मंत्र घातल्यासारखी सारी फौज एकदम पाठ फिरवून पळाली. उपासमारीने कडेवर आणलेल्या सैन्याला विशीही न गाठलेल्या पेशवेपुत्राचे पडणे पुरले. तेव्हा कथेचे गणित निम्मे तरी बरोबर आहे: ही गोळी लागल्याने फौज कोसळते. मात्र ती चुकल्याने फौज जिंकते, हे त्यातून सिद्ध होत नाही. न कोसळलेल्या फौजेलाही रात्र पडेपर्यंत ताज्या घोडदळाशी लढावेच लागले असते.

'विश्वास? तो तर पानिपतच्या लढाईतच गेला,' असे आपण सहज म्हणून जातो. कोटी झकास आहे, आणि सोयीचीही. तिच्यात कुंजपुरा नाही, बागपतचा उतार नाही, गोविंदपंत नाहीत.