कोठीपासून रीजंट स्ट्रीटपर्यंत

सुलतान बाजार आणि कोठी हा भाग आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या आठवणींत आहे. पूर्वजांनी हैदराबादेत पहिली बिऱ्हाडे केली ती याच परिसरात. ब्रिटिश रेसिडेन्सीची ती मोठ्या खांबांची वास्तू, पुढे तिथे निघालेले मुलींचे महाविद्यालय आणि आजूबाजूची मराठी वस्ती हे सारे आम्हांला पाठ आहे. पण लंडनमधल्या उंची भारतीय रेस्टॉरंटांच्या इतिहासाचा एक धागा याच कोठीपाशी येऊन पोहोचतो आणि त्याचे दुसरे टोक पुण्याच्या पेशवे दरबारात सापडते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. उत्सवाच्या निमित्ताने ही हकीकत आपल्या वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांला वाटले.

आरंभ एका योगायोगाने करू. फ्रान्समधील मिशेलिन या टायर बनवणाऱ्या कंपनीने 1900 साली मोटार चालवणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. पेट्रोल कुठे मिळेल, गाडी कुठे दुरुस्त होईल, मुक्काम कुठे करावा, अशी ती माहिती. लोक जास्त फिरले तर टायर जास्त झिजतील, हा त्यामागचा सरळ व्यापारी हिशेब. 1926 पासून या पुस्तिकेत उत्तम जेवणाच्या ठिकाणांपुढे तारा छापला जाऊ लागला. पुढे 1931 मध्ये दोन व तीन ताऱ्यांची पद्धत आली. एक तारा म्हणजे वाटेत थांबून जेवावे असे ठिकाण, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावे असे, आणि तीन म्हणजे केवळ त्या जेवणासाठी प्रवास करावा असे. त्याच 1926 साली लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर 'वीरास्वामी' हे भारतीय जेवणाचे रेस्टॉरंट सुरू झाले. ते आज ब्रिटनमधील सर्वांत जुने चालू भारतीय रेस्टॉरंट आहे. तारा आणि वीरास्वामी दोघे एकाच वर्षी जन्मले. पण त्यांची गाठ पडायला 2016 साल उजाडावे लागले. ही नव्वद वर्षे मध्ये कुठे गेली, हाच या लेखाचा विषय.

पुण्याचा वकील, हैदराबादचा सावकार

लंडनमध्ये भारतीय जेवण विकण्याचा पहिला मोठा प्रयत्न वीरास्वामीचा नव्हे. पाटण्याला जन्मलेले आणि कंपनीच्या बंगाल फौजेत राहिलेले शेख दीन मुहम्मद यांनी 1810 मध्ये पोर्टमन स्क्वेअरजवळ 'हिंदुस्तानी कॉफी हाऊस' उघडले. हिंदुस्थानात राहून परतलेल्या साहेबांना तिथे मसालेदार जेवण आणि हुक्का दोन्ही मिळे. पण अशा साहेबांच्या घरी बहुधा स्वतःचे स्वयंपाकी असत, शिवाय शहरात कॉफी हाऊसांची गर्दी होती. दोनच वर्षांत दीन मुहम्मदांचे दिवाळे निघाले. पुढे त्यांनी ब्रायटनला अंगमर्दनाची स्नानगृहे काढली आणि इंग्लंडच्या दोन राजांची 'चंपी' करण्याचा मान मिळवला. जेवणाने मात्र त्यांना हात दिला नाही.

त्याच सुमारास इकडे हैदराबादेत विल्यम पामर नावाचा गृहस्थ सावकारी पेढीच्या उद्योगाला लागला होता. मराठीत पामर म्हणजे दीनदुबळा, पण हे पामर घराणे तसे मुळीच नव्हते. याचे वडील जनरल विल्यम पामर हे कंपनी सरकारचे वकील म्हणून आधी शिंद्यांच्या दरबारात आणि मग 1798 पासून पुण्यास दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात होते. 13 मार्च 1800 रोजी नाना फडणवीस वारले, तेव्हा नानांबरोबर मराठी राज्यातील शहाणपण आणि संयम गेला, असे कळवणारा इंग्रज वकील तो हाच. आपल्या शालेय इतिहासात हे वाक्य येते, पण ते लिहिणाऱ्याच्या घरात कोण होते ते येत नाही. जनरलची पत्नी होती फैज बख्श ही एका खानदानी मुसलमान घराण्यातील बेगम. तिचे, जनरलचे आणि मुलाबाळांचे एकत्र चित्र आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात आहे.

या दोघांचा मुलगा विल्यम आधी निजामाच्या फौजेत होता. नंतर त्याने रेसिडेन्सीच्या आसऱ्याने पेढी काढली. निजामाच्या फौजेचा खर्च भागवण्यासाठी दिवाण चंदुलाल या पेढीकडून कर्ज घेत आणि व्याजावर व्याज चढत जाई. रेसिडेंट मेटकाफने हे प्रकरण बाहेर काढले आणि 1820 च्या दशकात पेढी बुडाली. तो वाद कलकत्त्यापासून लंडनपर्यंत गाजला. पामर मात्र हैदराबादेतच राहिला आणि इथेच वारला. आई फैज बख्श हिची अखेरही याच शहरात झाली.

आजीचे नाव, निजामाचा शिक्का

जनरल आणि बेगम यांचा पणतू एडवर्ड पामर. त्याने 1896 मध्ये लंडनला मसाले, चटण्या, लोणची आणि करीचे वाटण विकणारी कंपनी काढली. कंपनीला त्याने 'वीरास्वामी' हे नाव दिले. ते त्याच्या आजीकडचे, असे सांगितले जाते. मालावर नाव होते 'निजाम'. म्हणजे आडनाव इंग्रज, पाटी दक्षिणी आणि बाटलीवर हैदराबाद! तीन-चार पिढ्यांत या घराण्यात किती प्रांत मिसळले होते, याची साक्ष त्या एका बाटलीवर होती.

1924 आणि 1925 मध्ये वेम्बली येथे ब्रिटिश साम्राज्याचे मोठे प्रदर्शन भरले. तिथल्या भारतीय विभागातील भोजनाची व्यवस्था पामरने पाहिली. लोकांनी गर्दी केली. त्या अनुभवाच्या जोरावर 1926 मध्ये त्याने रीजंट स्ट्रीटवर रेस्टॉरंट काढले. फेटेवाले सेवक, जड पडदे, गालिचे, हिंदुस्थानातल्या साहेबी जीवनाची आठवण करून देणारा थाट. येणारे बहुतेक निवृत्त अधिकारी, लष्करी लोक आणि थोडे राजेरजवाडे. काही वर्षांतच पामरने ते एका इंग्रज मालकाला विकले आणि त्यानेही ते पुढे अनेक वर्षे चालवले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. त्या काळच्या वीरास्वामीचे यश जेवणापेक्षा आठवणीवर उभे होते. साहेबाला जे हिंदुस्थान हवे होते, ते त्याला ताटात वाढले जाई. त्या ताटाला हैदराबादचे, मलबारचे किंवा वऱ्हाडचे असे वेगळे नाव नव्हते. सगळ्याला एकच शब्द, 'करी'.

करीच्या हजार दुकानांतून

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. जहाजांवर काम करणारे सिल्हेटचे खलाशी लंडनच्या बंदरात उतरून राहिले. बाँबहल्ल्यांत मोडकळीला आलेली छोटी उपाहारगृहे त्यांनी स्वस्तात घेतली. पैकी अनेकांनी वीरास्वामीसारख्या ठिकाणी भांडी घासत, कांदे चिरत काम शिकले होते. पुढे गावोगाव 'इंडियन' अशी पाटी दिसू लागली. मालक, आचारी, वाढपी बहुतेक सगळे सिल्हेटी, आणि पदार्थांची यादी जवळजवळ सगळीकडे एकच. एकच रस्सा तयार ठेवायचा आणि तिखटाच्या प्रमाणावर त्याला वेगवेगळी नावे द्यायची, अशी ती पद्धत होती. या माणसांनी अपार कष्ट केले आणि इंग्रजांच्या जिभेला मसाल्याची सवय लावली. त्यांचे ऋण मोठे आहे. पण स्वस्त आणि भरपूर अशीच भारतीय जेवणाची ओळख त्यातून पक्की झाली.

ही ओळख मोडायला सुरुवात झाली ती मुंबईच्या नावाने. ताज समूहाने डिसेंबर 1982 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात 'बॉम्बे ब्रासरी' उघडली. पारशी, गोवन, पंजाबी, मुंबईच्या रस्त्यावरचे चटकदार पदार्थ अशी प्रांतवार नावे तिथल्या मेन्यूवर आली आणि दरही फ्रेंच रेस्टॉरंटांच्या तोडीचे ठेवले गेले. ताजमध्ये असताना या कामात पुढाकार घेणाऱ्या कमेलिया पंजाबी यांची बहीण नमिता आणि मेहुणे रणजित मथरानी यांनी 1990 मध्ये 'चटनी मेरी' सुरू केले आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वीरास्वामीही ताब्यात घेतले. त्यांनी वेगवेगळ्या प्रांतांतले आचारी आणले आणि ज्याने त्याने आपापल्या घरचे करावे, अशी रीत घातली.

1974 मध्ये मिशेलिनने ब्रिटनसाठी तारे द्यायला सुरुवात केली, पण भारतीय रेस्टॉरंटांकडे अनेक वर्षे ते फिरकले नाहीत. मिशेलिनचे परीक्षक नाव न सांगता येतात, बिल स्वतः भरतात आणि पाच गोष्टी पाहतात. जिनसांचा दर्जा, पाककौशल्य, चवींचा मेळ, आचाऱ्याची स्वतःची ओळख आणि रोजचे सातत्य. एका रश्श्यावर दहा नावे चिकटवणाऱ्या स्वयंपाकघरात ही ओळख सापडणार कशी? अखेर 2001 मध्ये लंडनच्या दोन भारतीय रेस्टॉरंटांना एकदम पहिला तारा मिळाला. 'टॅमरिंड' मध्ये अतुल कोचर होते आणि 'झाइका' मध्ये मुंबईचे विनीत भाटिया. विशेष म्हणजे त्याच वर्षी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ असल्याचे भाषणात म्हटले. एकीकडे करीला नागरिकत्व मिळाले, दुसरीकडे करीपलीकडच्या जेवणाला मान मिळाला.

त्यानंतरची वाटचाल झपाट्याची. मुंबईच्या फोर्टमधील माशांच्या जेवणासाठी प्रसिद्ध असलेल्या 'तृष्णा'च्या नावाने लंडनला निघालेल्या रेस्टॉरंटला 2012 मध्ये तारा मिळाला. त्याच सेठी भावंडांच्या 'जिमखाना'ला 2014 मध्ये पहिला, आणि 2024 मध्ये दुसरा. आणि 2016 मध्ये, नव्वदाव्या वर्षी, आजोबा वीरास्वामींच्याही दारावर तारा लागला.

शंभरीच्या उंबरठ्यावर

ही कथा इथेच गोड संपली असती तर बरे झाले असते. पण वीरास्वामीची जागा स्वतःच्या मालकीची नाही. ज्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ते आहे, ती ब्रिटिश राजमुकुटाच्या नावे असलेल्या 'क्राउन इस्टेट' या संस्थेच्या ताब्यात आहे. 2025 मध्ये भाडेकराराची मुदत संपत असताना इमारतीचे नूतनीकरण करायचे आहे, या कारणाने संस्थेने करार पुढे चालवायला नकार दिला आणि चालक न्यायालयात गेले. ज्या राजसत्तेच्या वैभवाची आठवण विकून हे रेस्टॉरंट उभे राहिले, तिच्याच नावाच्या मालमत्तेतून शंभरीच्या तोंडावर त्याला निघण्याची सूचना मिळावी, हा इतिहासाचा अजब न्याय म्हणायचा.

इमारतीच्या मालकाची बाजू कायद्याने काय ठरायची ती ठरो. आम्हांला प्रश्न पडतो तो वेगळा. तारा जागेला मिळतो की हातांना? मिशेलिनचा नियम सांगतो की तारा रेस्टॉरंटचा असतो, आचाऱ्याचा नव्हे. जागा सुटली, आचारी पांगले, तर शंभर वर्षांची चव कोणाच्या नावावर राहील?

हा प्रश्न लंडनइतकाच आपलाही आहे. वर जी नावे आली, त्यांत मराठी जेवण हीच ओळख असलेले एकही नाही. मुंबईचे नाव आहे, मराठी ताटाचे नाही. याला कारणे आहेत. आपला स्वयंपाक घरचा राहिला. बाहेर आला तो खानावळीच्या रूपाने, महिन्याच्या हिशेबाने, एकट्या नोकरदाराची सोय म्हणून. पाहुण्याला थाटाने वाढून दाम घेणे आपल्याला कधी रुचले नाही. त्यात आम्ही हैदराबादचे. आमच्या स्वयंपाकघरात भरली वांगी चिंच आणि शेंगदाण्याच्या कुटाने बगाऱ्या बैंगनच्या शेजारी कधी जाऊन बसली ते आम्हांलाही कळले नाही. वरणफळे आहेत, गोंगुऱ्याचा ठेचा आहे, गौरीच्या जेवणात पुरणपोळीबरोबर पुलिहोराही येतो. पुण्याहून आलेले पाहुणे म्हणतात, हे आमच्याकडचे नाही. शेजारचे तेलुगू म्हणतात, हे आमच्याकडचे नाही. मग ते कोणाचे?

पामर घराण्याच्या हकिकतीत त्याचे उत्तर आहे असे आम्हांला वाटते. ना धड इंग्रज, ना धड मोगल, ना धड दक्षिणी असे ते कुटुंब होते. त्यानेच लंडनला भारतीय जेवणाचे पहिले टिकाऊ दार उघडून दिले. मिसळण्यात कमीपणा नव्हता. पण त्या जेवणाला मान मिळाला तो प्रत्येक पदार्थाला त्याचे गाव आणि त्याचे नाव परत मिळाल्यावर. सर्वांवर 'करी'चा एकच शिक्का होता, तोवर स्वस्ताईखेरीज काही पदरी पडले नाही.

आपल्या मंडळाच्या उत्सवात दरवर्षी महाप्रसादाची पंगत बसते. त्यातले पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक हातांनी होतात. त्या हातांपैकी किती आज सत्तरी ओलांडलेले आहेत, हे आपणा सर्वांना माहीत आहे. मिशेलिनचे परीक्षक आपल्या पंगतीला यायचे नाहीत आणि त्याची खंतही नाही. पण पाककृती लिहून ठेवणे, पदार्थाला त्याचे इथले नाव देणे, सुनेला आणि लेकालाही ते शिकवणे, एवढे आपल्या हातात आहे. वीरास्वामीला निदान भाडेकरार वाचवण्यासाठी न्यायालयात तरी जाता येते. घरची चव एकदा गेली, तर तिच्यासाठी कुठे दाद मागणार?