खुळखुळणारा कीबोर्ड

परवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली. (तिथे जाऊन तुला मिळतं तरी काय, असं बायको विचारते. तर हे!) बंद पडलेले मिक्सर आणि सीडी ड्राइव्हच्या ढिगाखाली एक मळकट कीबोर्ड होता. उचलला तर चांगला दोन किलोचा! मागे आयबीएमचं लेबल, पार्ट नंबर १३९१४०१, साल १९८९. म्हणजे मॉडेल एम! घासाघीस न करता घेतला. घरी येईपर्यंत आत काहीतरी खुळखुळत होतं.

मंडळी, या कीबोर्डची ख्याती म्हणजे 'अमर'. प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग उभी असते. दाबता दाबता ती एका क्षणी वाकते, भिंतीवर आपटते आणि तळाची चिमुकली हातोडी उलटवते. तोच तो खट्ट आवाज. रिचर्ड हॅरिस या आयबीएमच्या इंजिनियरला या रचनेचं पेटंट १९७८ मध्ये मिळालं.

मागचे चार स्क्रू काढले आणि खुळखुळ्याचं गुपित कळलं. स्प्रिंगांची प्लॅस्टिकची चौकट लोखंडी पत्र्याला कशाने जोडलीय? स्क्रूने नाही, तर वितळवून चपट्या केलेल्या प्लॅस्टिकच्या खिळ्यांनी! त्यातल्या डझनभर खिळ्यांची डोकी तुटून आत फिरत होती.

मग जरा वाचलं. १९८१ च्या पहिल्या पीसीबरोबर आला तो मॉडेल एफ. त्यात हातोडीने विद्युतधारिता बदलायची, संपर्क असा नव्हताच. १९८५ पासूनच्या एममध्ये तिथे प्लॅस्टिकच्या पातळ चकत्या आल्या. का? स्वस्त पडतात म्हणून! 'पूर्वी वस्तू कशा टिकाऊ बनवायचे' म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो, ती काटकसरीची आवृत्ती निघाली. हिशेबनीस तेव्हाही होतेच की!

आता प्रश्न असा की उरलेले खिळे तोडायचे का? एकदा तोडले की परत जोडता येत नाहीत. दोन दिवस तसाच टेबलावर पडून होता. शेवटी बटणं काढली, पालथा घातला, पटाशीने सगळी डोकी उडवली, बारीक ड्रिलने भोकं पाडली आणि २ मिमीचे स्क्रू-नट बसवले. पहिल्या खेपेला दोन हातोड्या उलट्या बसल्या, परत सगळं उघडलं. असो.

आता खुळखुळत नाही. रात्री दहानंतर मात्र टाइप करायला घरातून मनाई आहे.